पांढरेपणाचे माप : बल्लारपूरचा कागद आणि आपली साखर



ऊस काट्यावर चढला की तो किती टन भरला, हे आपण जातीने पाहतो. उतारा किती पडला, याचीही चौकशी करतो. परंतु पोत्यात भरलेल्या साखरेचा रंग काय लागला, हे विचारणारा सभासद विरळाच. वास्तविक व्यापाऱ्याचा हात पोत्यात जातो तेव्हा त्याची पहिली नजर पडते ती रंगावर. दाणा तो मागाहून पाहतो. रंग मनात भरला नाही तर बोली तिथेच खाली येते.

रंग ही काय मोजावयाची वस्तू आहे, असे कोणी म्हणेल. वजनाला काटा आहे, दुधाला लॅक्टोमीटर आहे, पण पांढरेपणाला माप कोणते? तर माप आहे. पांढरेपणाही मोजता येतो आणि चकाकीही मोजता येते. हे माप कसे चालते आणि आपल्या उसाच्या पैशाशी त्याचा काय संबंध आहे, हे समजून घेण्यासाठी प्रथम आपल्या ऊस पट्ट्यापासून दूर, चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात जाऊ. तिकडे उसाचे रान नाही, धान आणि जंगल आहे. पण जे तिकडे बांबूचे, तेच इकडे उसाचे, हे पुढे ध्यानात येईल.

एकाच कुळातली दोन गवते

ऊस आणि बांबू ही दोन्ही गवतेच. वनस्पतिशास्त्रात दोघांचे कूळ एक, म्हणजे एका परीने चुलतभाऊ म्हणा ना. दोघांनाही कांडी आहेत, पेरे आहेत. दोघेही तोडून, वाहून कारखान्यात जातात आणि दोघांपासूनही शेवटी पांढरा माल तयार होतो : उसापासून साखर, बांबूपासून कागद.

बांबूपासून कागद करण्याचे तंत्र आपल्या देशात बसवले गेले ते विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत विल्यम रेट यांनी त्यावर मोठे काम केले. पुढे १९४५ साली वर्धा नदीच्या काठी बल्लारपूर येथे ‘बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड मिल्स’ ही कंपनी निघाली. जवळ नदीचे पाणी, कोळशाच्या खाणी आणि मागे बांबूचे अफाट जंगल, ही ती जागा निवडण्यामागची सोय उघड आहे. त्या वेळी गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता, तो चंद्रपुरातून वेगळा निघाला १९८२ साली. या साऱ्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या गिरणीकडे जात राहिला आणि त्याचा लिहिण्या-छापण्याचा कागद होऊन शाळा-कचेऱ्यांत पोहोचला.

हिरवा-पिवळा बांबू पांढरा होतो कसा? त्याचे बारीक तुकडे करून ते कॉस्टिक सोडा व इतर रसायनांबरोबर मोठ्या बंद भांड्यात, वाफेच्या दाबाखाली शिजवतात. बांबूचे तंतू एकमेकांना चिकटवून ठेवणारा ‘लिग्निन’ नावाचा पदार्थ आहे, तो शिजून विरघळतो आणि लगदा मोकळा होतो. पण हा लगदा तपकिरी असतो, कारण थोडे लिग्निन मागे राहतेच. ते काढण्यासाठी लगद्याचे विरंजन करतात, म्हणजे धोबी कपड्याचा डाग घालवतो तसा रंग घालवतात. किती घालवला आणि किती राहिला, हे कळायला माप लागते. रंग मोजण्याची गरज कागद गिरणीला पडते ती इथे.

डोळा का पुरत नाही

अनुभवी माणसाची नजर तीक्ष्ण असते, यात वाद नाही. तेंदूपत्त्याच्या फडीवर उभा राहिलेला जाणकार पुड्याकडे पाहून पान सांगतो. परंतु डोळ्याला तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण उजेडाची. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली घेतलेले लुगडे घरी अंगणात उघडले की छटा वेगळी दिसते, हा अनुभव घरोघरी आहे. दिवा बदलला की रंग बदलतो. सकाळचे ऊन, ढगाळ दुपार आणि गोदामातला बल्ब यांत एकच साखर तीन तऱ्हांची दिसते.

दुसरी अडचण शेजाराची. काळ्या ताटात ठेवलेली साखर पांढरीशुभ्र वाटते आणि तीच कोऱ्या कागदावर ओतली की पिवळसर भासते. डोळा रंग नुसता पाहत नाही, तो शेजारच्या रंगाशी ताडून पाहतो.

तिसरी अडचण आठवणीची. आज पाहिलेली छटा सहा महिन्यांनी जशीच्या तशी आठवत नाही. विकणारा म्हणतो माल तोच आहे, घेणारा म्हणतो मागच्यापेक्षा काळा आहे. दोघेही खोटे बोलत नसतात, पण भांडण मिटत नाही. आकडा कागदावर उतरला की वादाला जागा राहत नाही. काट्याशिवाय नुसत्या अंदाजाने ऊस घेतला तर आपण मान्य करू काय? रंगाचेही तसेच आहे.

निळ्या उजेडाची युक्ती

आता यंत्र काय करते ते पाहू. आपण ज्याला पांढरा उजेड म्हणतो त्यात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग मिसळलेले असतात, इंद्रधनुष्यात ते सुटे दिसतात. पांढरी वस्तू सगळे रंग जवळपास सारखे परत फेकते. पिवळसर वस्तू मात्र तांबडा, हिरवा उजेड परत फेकते आणि निळा उजेड गिळते. सदऱ्यावर पडलेला पिवळा डाग निळ्या दिव्याखाली धरला तर तो काळपट दिसेल, कारण डागावर पडलेला निळा उजेड परत येतच नाही.

हीच युक्ती कागदवाल्यांनी धरली. उरलेले लिग्निन निळा उजेड गिळते. तेव्हा कागदावर निळा उजेड टाकावा आणि किती परत आला ते मोजावे. उजेडाच्या लहरीची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात, एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कागदासाठी ४५७ नॅनोमीटरची निळी लहर जगभर ठरलेली आहे. परत आलेल्या उजेडाच्या टक्केवारीला कागदाच्या धंद्यात ‘ब्राइटनेस’ म्हणतात. वर्तमानपत्राच्या कागदाचा ब्राइटनेस साठीच्या आगेमागे असतो, झेरॉक्ससाठी वापरतात त्या चांगल्या कागदाचा ऐंशीच्या वर.

कागदाचा एकच ताव ठेवून चालत नाही, कारण खालचे टेबल आरपार डोकावते. म्हणून अनेक तावांची थप्पी ठेवतात. उजेड एका बाजूने टाकला तर कागदाची चकाकी मध्ये घोटाळा करते. त्यासाठी आतून पांढरा रंग दिलेला पोकळ गोल वापरतात. त्यात उजेड फिरून फिरून सर्व बाजूंनी कागदावर पडतो आणि यंत्राचा ‘डोळा’ वरून सरळ पाहतो.

शून्य आणि शंभर

वजनकाट्यावर रिकाम्या गाडीचे वजन आधी करावे लागते आणि काटा खरा आहे की नाही हे प्रमाणित वजने ठेवून तपासावे लागते. रंगाच्या यंत्राचेही तसेच आहे. शून्यासाठी काळे अस्तर लावलेली पोकळ डबी ठेवतात, तिच्यात गेलेला उजेड बाहेर येत नाही. शंभराच्या बाजूला पूर्वी मॅग्नेशियम ऑक्साइडची किंवा बेरियम सल्फेटची पांढरी वडी वापरत. आता पडलेला सगळा उजेड परत फेकणारा एक आदर्श पृष्ठभाग हिशेबात धरतात आणि त्याच्याशी ताडून नेमका आकडा दिलेली प्रमाणित पट्टी प्रयोगशाळेत ठेवतात. ती पट्टी मळली, तिला बोट लागले, की त्या दिवसाचे सगळे आकडे बिघडले म्हणून समजा. माप देणाऱ्याने आधी आपले माप तपासले पाहिजे, हा नियम इथेही आहे.

पांढऱ्याखेरीज इतर रंगांसाठी १९७६ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने तीन आकड्यांची पद्धत ठरवून दिली. पहिला आकडा उजळपणाचा, शून्य म्हणजे काळा आणि शंभर म्हणजे पांढरा. दुसरा आकडा तांबड्याकडे की हिरव्याकडे झुकतो ते सांगतो. तिसरा पिवळ्याकडे की निळ्याकडे ते. गावाचा पत्ता सांगावा तसा या तीन आकड्यांनी कोणत्याही रंगाचा पत्ता सांगता येतो. इचलकरंजीचे कापड असो, फरशी असो की ट्रॅक्टरचा रंग असो, आज याच पद्धतीने छटा जुळवतात.

चकाकी निराळी, रंग निराळा

पुष्कळ जण रंग आणि चकाकी एकच समजतात. तसे नाही. गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीचा कोसा प्रसिद्ध आहे. कोशाचे कापड हातात घेऊन हलवून पाहा. रंग तोच राहतो, पण घडीवरची चमक इकडून तिकडे सरकते. रंग कोठूनही पाहिला तरी साधारण सारखा असतो, चकाकी मात्र पाहण्याच्या कोनावर अवलंबून असते. पृष्ठभाग जितका सपाट तितका उजेड आरशासारखा एकाच दिशेने परततो. पृष्ठभाग खडबडीत असला की उजेड चहूकडे विखुरतो आणि वस्तू निस्तेज दिसते.

म्हणून चकाकी मोजताना उजेड ठरावीक कोनातून टाकतात आणि समोरच्या बाजूला तेवढ्याच कोनात किती आला ते मोजतात. रंग दिलेल्या पत्र्यासाठी उभ्या रेषेपासून २०, ६० आणि ८५ अंश हे कोन ठरलेले आहेत : फार चकचकीत असेल तर २०, साधारणाला ६० आणि मंद पृष्ठभागाला ८५. कागदाला बहुधा ७५ अंशांचा कोन घेतात. इथे मोजपट्टी म्हणून घासून गुळगुळीत केलेली काळी काच वापरतात. काळीच का? तर काळ्या काचेत रंगाचा उजेड मिसळत नाही, निव्वळ चकाकी तेवढी मोजली जाते.

कागदाला चकाकी येते ती पोलादी रुळांमधून दाबून काढल्याने किंवा वर पांढऱ्या मातीचा, चुनखडीचा लेप दिल्याने. बल्लारपूरचा कागद मुख्यतः लिहिण्या-छापण्याचा. असा लेप दिलेला कागद करणारी गिरणी उभी राहिली ती ऊसवाल्यांच्या ओळखीच्या इंदापूर तालुक्यात, भिगवणला. कॅलेंडरला, मासिकाच्या मुखपृष्ठाला चकाकी हवी. शाळेच्या पुस्तकाला ती नको, पोरांचे डोळे दिपतात. म्हणजे जास्त चकाकी म्हणजे चांगला माल असे नव्हे. ज्या कामाला जेवढी हवी तेवढी असणे, आणि आज जेवढी तेवढीच उद्या असणे, याला गुणवत्ता म्हणतात.

नीळ आणि टिनोपाल

आपल्या घरी धोतराला नीळ देत, पुढे टिनोपाल आले. या दोहोंत फरक आहे. निळीने कापडावरून परत येणारा एकूण उजेड वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. परंतु पिवळी झाक दबते म्हणून डोळा ‘पांढरे झाले’ म्हणतो. टिनोपालसारखे पदार्थ उन्हातले डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण गिळतात आणि त्यांचा निळा उजेड करून बाहेर टाकतात. कागदातही असे पदार्थ घालतात. त्यामुळे कधी कधी यंत्र शंभराच्या वर आकडा दाखवते. पडला त्याहून जास्त उजेड परत कसा, म्हणून बुचकळ्यात पडू नये, तो अदृश्य किरणांचा हिशेब असतो. म्हणून यंत्रातल्या दिव्यात अतिनील किरण किती असावेत, हेही ठरवून द्यावे लागते.

साखर ही खाण्याची वस्तू आहे. तिच्यात रंग मिसळण्यास कायद्याने मनाई आहे. तेव्हा साखर पांढरी करण्याचा वरवरचा मार्ग नाही. रंग मुळातच कमी येऊ देणे आणि आलेला रसातून काढणे, हाच मार्ग.

आपल्या साखरेचे माप

एस-३०, एम-३० ही नावे आपल्या कानांवर नेहमी पडतात. त्यांतले अक्षर दाण्याचे, आकडा रंगाचा. एल म्हणजे मोठा दाणा, एम मध्यम, एस बारीक. आकडा चढता तितका रंग उजळ, म्हणजे ३१ हा ३० पेक्षा सरस. हे नमुने कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेतून येतात. १९३६ साली सुरू झालेली ही संस्था दर हंगामाला प्रमाण साखरेच्या सीलबंद बाटल्या कारखान्यांना पुरवते. दर हंगामाला नव्या का? कारण ठेवलेल्या साखरेचा रंगही हळूहळू उतरतो. गोदामातल्या थप्पीचेही तेच होते, उष्णता आणि ओल जास्त तितके लवकर.

दाणा आणि रंग वेगळे का धरले, तेही पाहा. खडीसाखरेचा खडा घ्या, किंचित पिवळसर दिसेल. तोच खलात कुटा, पांढरीफेक पूड होईल. आत काही बदलले नाही. दाणा बारीक झाला की उजेड आत फार न शिरता वरच्या वर विखुरतो, म्हणून माल पांढरा दिसतो. म्हणजे बारीक दाण्याची साखर नजरेला फसवू शकते.

ही फसगत टाळण्यासाठी दुसरी पद्धत आहे. साखर पाण्यात विरघळवावी, बारीक गाळणीतून गाळावी आणि त्या पाकातून ४२० नॅनोमीटरचा उजेड पाठवावा. किती उजेड गिळला त्यावरून आकडा काढतात, त्याला ‘इक्युम्सा’ म्हणतात. साखर तपासणीच्या पद्धती ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे हे नाव. त्या आयोगाची सुरुवात १८९७ ची. इथे आकडा कमी तितका माल चांगला. रिफाइंड साखर ४५ किंवा त्याखाली, आपली गंधकाच्या प्रक्रियेची पांढरी साखर साधारण १०० ते १५०, आणि कच्ची साखर कित्येक शे.

बारकाईने पाहा, कागदाला ४५७ आणि साखरेला ४२०, दोन्ही लहरी निळ्या-जांभळ्या टोकाच्याच. बांबूचा पिवळेपणा आणि उसाचा पिवळेपणा एकाच दाराने पकडला जातो.

रंग येतो शेतातून

पॅनवाला आणि केमिस्ट रंगाला जबाबदार, ही समजूत अर्धीच खरी. पुष्कळसा रंग गव्हाणीत येतो तो आपल्या उसाबरोबरच.

हिरवे वाढे, कोवळी शेंड्याची कांडी आणि पाचट यांत रंग देणारे पदार्थ भरपूर असतात. उसाबरोबर आलेल्या मातीतल्या लोहाशी त्यांची गाठ पडली की रस अधिक काळवंडतो. तोडलेला ऊस बांधावर दोन-तीन दिवस पडला की त्यातल्या साखरेचे ग्लुकोज-फ्रुक्टोज होते. हे पदार्थ चुन्यात आणि उष्णतेत मोडून तपकिरी होतात. पोळलेला ऊस तर याहून लवकर बिघडतो. युरियाचा हप्ता उशिरा आणि जास्त दिला तर रसात नत्रयुक्त पदार्थ वाढतात. त्यांची आणि ग्लुकोजची गाठ पडली की, भाकरी तव्यावर तांबूस होते तसाच तांबूसपणा रसाला येतो.

बांबूचेही निराळे नाही. डेपोत फार दिवस पडलेल्या बांबूला पोखरणारा किडा लागतो, बुरशीचे डाग पडतात. मग लगदा पांढरा करायला रसायन जास्त लागते आणि तंतूही कमजोर होतो. जंगलात जे हयगयीने झाले, त्याचा हिशेब गिरणीत चुकवावा लागतो.

आता पैशाची गोष्ट. आपल्याला मिळणारी एफआरपी उताऱ्यावर ठरते, रंगावर नाही, हे खरे. परंतु महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊसदर कायद्याप्रमाणे कारखान्याच्या महसुलाची वाटणी होते. एफआरपीच्या वर काही मिळावयाचे असेल तर ते साखर कोणत्या भावाने गेली त्यावरच मिळणार. उजळ रंगाचा माल आधी उचलला जातो आणि भावही बरा मिळतो. उलट रंग बिघडला तर चुना, गंधक, वाफ यांवर खर्च वाढतो, आणि काही साखर पुन्हा विरघळवून नव्याने शिजवावी लागते. हा खर्च शेवटी कोणाच्या पदरी? सभासदाच्याच.

पांढरेपणाची किंमत

एक गोष्ट मात्र विसरू नये. जास्त पांढरे म्हणजे जास्त चांगले, असा अर्थ कोणी काढू नये. कागदाच्या धंद्याने तो धडा घेतला आहे. लगदा पांढरा करायला जगभर क्लोरीन वायू वापरत असत. १९८० च्या दशकात अशा विरंजनाच्या सांडपाण्यात डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये सापडली, तेव्हा अनेक देशांतल्या गिरण्या क्लोरीन वायू सोडून क्लोरीन डायॉक्साइडकडे आणि ऑक्सिजनकडे वळल्या. पांढऱ्याचा प्रत्येक वाढीव अंक पाणी, रसायन आणि पैसा मागतो. गिऱ्हाइकाला हवा तेवढाच रंग गाठावा आणि तो रोज तेवढाच ठेवावा. त्यासाठीच माप. मोजल्याशिवाय कोठे थांबावे हे कळत नाही.

माप कोणाच्या हाती असते, हाही प्रश्न आहे. धानोरा तालुक्यातील लेखा-मेंढा या गावाला २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तेव्हापासून आपला बांबू किती निघाला आणि काय भावाने गेला, हा हिशेब गावच ठेवू लागले. आपण तर कारखान्याचे मालकच आहोत. काट्याइतकाच रंगाचा आकडाही आपल्याला वाचता आला पाहिजे.

तेव्हा सभासदांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. तोडणी चिठ्ठी येण्यापूर्वी ऊस तोडू नये. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा.

२. मोळीत वाढे, पाचट, मुळ्या, माती येऊ देऊ नये. टोळीच्या मुकादमास हे आधीच सांगून ठेवावे.

३. फड पेटवू नये. अपघाताने पेटलाच तर शेतकी खात्यास ताबडतोब कळवावे.

४. नत्र खताचा शेवटचा हप्ता शिफारशीप्रमाणे, मोठ्या बांधणीच्या वेळेपर्यंतच द्यावा.

५. वार्षिक सभेत उतारा विचारतो तसा या हंगामातील साखरेचा सरासरी इक्युम्सा किती आणि ३० व ३१ प्रतीची पोती किती, हेही विचारावे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात मागावे. “रंग चांगला आहे” हे उत्तर नव्हे.